दाभणाएवढं भोक

झाडं तोडून पोट भरणारा नवरा मशीनच्या करवतीखालचं तेलाचं थारोळं बघत म्हणाला, “साखळीच्या तेलाची टाकी गळतेय. चालवू तशीच. साखळी तापेल, फार तर तुटेल.” गेल्या महिन्यात फांदी कोसळून त्याचा खांदा निखळला होता, तरी गडी कामावर जायचं सोडेना. म्हणून काल बायकोनेच दाभण ठोकून भोक पाडलं होतं. पाडायचं होतं पेट्रोलच्या टाकीला, म्हणजे करवत सुरूच झाली नसती. पडलं मात्र शेजारच्या तेलाच्या टाकीला. आता कोरडी साखळी तुटून त्याच्याच तोंडावर बसायची. “थांबा, मी बघते,” म्हणत तिने करवत पुढ्यात ओढली, तेलाने बरबटलेल्या टाकीच्या बुडाशी थेट बोट टेकवलं, पुसून भोकात साबण दाबला, वर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ चिकटवलं. तो तिच्या हातांकडे बघत राहिला. “मला सकाळपासून शोधूनही ते भोक सापडलं नव्हतं.”