पाठमोरा फ्लेक्स

शर्वरीने चौकातल्या फ्लेक्सच्या दोऱ्या रागारागाने कापल्या. सीएच्या परीक्षेचा पहिला ग्रुप ती पास झाली आणि काकांनी हौसेने 'आमची सीए शर्वरी' असा फ्लेक्स लावून टाकला. दुसरा ग्रुप राहिलाय, हे कुणी ऐकूनच घेईना. पुस्तक उघडलं की पेढे मागायला कुणीतरी दारात हजर. आज तर क्लासच्या सरांनीच हसून विचारलं, "सीएबाई, आता इकडे कशाला?"

तिने फ्लेक्स घरी आणून खोलीतल्या भिंतीवर पाठमोरा ठोकला. मागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या ग्रुपचे विषय मोठ्या अक्षरांत लिहिले आणि अभ्यासाला बसली.

काका डोकावले. "अगं, तुझा फोटो भिंतीकडे गेला की."

"जाऊ दे," ती मान वर न करता म्हणाली. "मी पास होईपर्यंत फ्लेक्सवरची ती सीएबाई तशीच उभी राहील."