सुळ्याची खूण

गवंड्यानं थापी उचलली आणि परसातल्या भिंतीवरचं शेवाळ असं खरवडायला घेतलं, की बघणाऱ्याला वाटावं भिंतीनं याच्या बापाला मारलंय. पहिल्याच घावाला ताटाएवढा हिरवा तुकडा सोलून खाली पडला.

मुलगी आतून अनवाणी धावली. "बाबा, नको. उद्या परीक्षेत दाखवायचंय ते. त्यावरच पास-नापास आहे माझं."

"भिंत कुजतीये. घर डोक्यावर पडलं की शेवाळ येणारे का सावरायला? पास झालीस तर होशील काय, चिखलाची साहेब?"

"नीट बघ तरी. हिरवी ती आई. तिच्या डोक्यावर तपकिरी काड्या उभ्यात ना, ती तिची पोरं. आईसारखी दिसत नाहीत, आईच्याच जिवावर जगतात. त्यांच्या बोंडातली पूड सांडली की पुन्हा हिरवं उगवतं, आजीसारखं."

"आयतं खाणारी पोरं. घरात एक आहे तेवढी पुरे."

थापी पुन्हा वर गेली. मुलगी हाताला लोंबकळली. त्यानं झटकलं तशी ती भिंतीवर आपटली. कपाळ फुटलं, रक्त भुवईत उतरलं. ती उठली आणि बापाच्या हाताला चावली. असली चावली, की तीन गल्ल्या पलीकडची कुत्री शरमून गप्प झाली. गवंड्यानं दुसऱ्या हातानं तिचे केस ओढले. ती सुटेना. थापी निसटून भिंतीवर आदळली, वाळकी बोंडं फुटली आणि पुडीचा धूर दोघांच्या डोक्यावर बसला.

"सोड गं आता. बेचव आहे तो," गवंड्याची आई पायरीवरून म्हणाली.

मुलीनं सोडलं. म्हातारी उठली, लेकाचा हात धरून उजेडात वळवला. ताज्या चाव्यातून रक्त ठिबकत होतं. त्याच्या वर बोटभर अंतरावर जुना पांढरा वण. दोन्हींत डावा सुळा तिरपा.

"हा माझा," तिनं वणावर बोट ठेवलं. "धाकट्या बहिणीला वीट मारलीस तेव्हाचा."

गवंड्यानं खाली पडलेली थापी उचलली.

"आता थापी घाल त्या तुकड्याखाली. अलगद उचलून ताटात ठेव. एक काडी मोडली तर परत चावा बसेल."

"तुला दात कुठायत?"

"आहेत की," म्हातारी म्हणाली. "नातीच्या तोंडात ठेवलेत."