अण्णांचा प्रश्न

"धाकटा अजून आला नाही का?" अण्णांनी विचारलं आणि सुनेचा हात पातेल्यातच थांबला.

रोज दिवे लागले की हा प्रश्न ठरलेला. धाकटा म्हणजे अण्णांचा भाऊ, घरातल्या सगळ्यांचे काका. त्यांना जाऊन काही महिने झाले होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवला आणि गेले ते जिना चढताना. हे त्यांना सांगता आलं असतं, तर सगळ्यांत आधी तेच हसले असते.

सुरुवातीला घरचे अण्णांना खरं ते सांगत. काका आता नाहीत, असं मुलगा हळूच म्हणे. अण्णा नुसती मान हलवत. पण शेजारी बसलेल्या काकू हंबरडा फोडत. तेही रोज. बातमी जणू आत्ताच दारात आल्यासारख्या त्या रडत. अण्णांच्या विसरण्यापायी त्या बाईने रोज नव्याने नवरा का गमवायचा, असं सून एकदा चिडून म्हणाली. मुलाला ते पटलं.

तेव्हापासून दोघं बेधडक खोटं बोलू लागले. काका यायचेत, कुठेतरी लिफ्ट अडकली आहे, असं सांगायचं. त्यावर अण्णा विचारत, कुठे अडकली, आत कोण आहे? मग काकांची एखादी जुनी भानगड आजची म्हणून खपवावी लागे.

तशा भानगडींना तोटा नव्हता. एकदा एक न्यायाधीश दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. मशीन जुनं आहे, गाणं ऐकल्याशिवाय हलत नाही, असं काकांनी बाहेरून गंभीरपणे सांगितलं. बिघाड केव्हाच दुरुस्त झाला होता. न्यायाधीशांनी घसा खाकरून शाळेतलं गाणं म्हटलं, पुढचं कडवंही म्हटलं, आणि सगळी इमारत तोंडात रुमाल कोंबून जिन्यावर उभी होती.

गोष्टीतून गोष्ट निघे. लहानपणी काकांनी मुलाला उतारावर सायकल शिकवली होती. मागून धरलंय, घाबरू नकोस, असं ते म्हणाले होते. तो निर्धास्तपणे सुटला आणि पाहतो तर काका कधीच सोडून, आडवाटेने खाली पोचून, हात पसरून समोर उभे. काका गेले त्या दिवशी तो रडला नव्हता. आता खोटं बोलताना त्याचे डोळे भरून येत.

काकू मटार सोलत ऐकत. मध्येच हसत. "यांचं हे असंच," म्हणत आणि दोन घास जास्त जेवत. सुनेला त्यांचं नवल वाटे. काळजावर दगड ठेवून अण्णांसाठी एवढं नाटक करायचं, हे काही खायचं काम नव्हतं.

असंच चाललं असतं. पण एका दुपारी मुलगा डबा विसरला म्हणून छापखान्यातून घरी आला, तर घरभर गॅसचा वास. अण्णा धडाधड खिडक्या उघडत होते. काकू आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

"माझ्याकडूनच राहिला," अण्णा म्हणाले. "चहा करायला गेलो होतो."

अण्णांना ओट्याशी उभं राहिलेलं घरात कोणी पाहिलं नव्हतं. पण विसराळू माणूस कधी काय करेल, याचा काय नेम?

सून औषधांच्या दुकानात नोकरीला होती. दिवसभर घरात दोन म्हातारी माणसं आणि एक शेगडी. अण्णांच्या जिवाला धोका, तसाच काकूंच्याही. डॉक्टरांनी अण्णांना साल विचारलं, ते त्यांनी पटकन चुकीचं सांगितलं. अशा माणसांना सांभाळणारा एक वृद्धाश्रम गावाबाहेर होता. तिथे एक खाट रिकामी होती.

बापाला घराबाहेर काढायचं, या विचाराने मुलाची झोप उडाली. निघायच्या सकाळी त्याला राहवलं नाही. अण्णा, नाही म्हणा, मी नोकरी सोडतो, असं तो म्हणाला.

"वेड्यासारखं बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "घर कसं चालणार? मी जातो. पण काकूला इथून हलवू नकोस. तिला या घराची सवय आहे. आणि संध्याकाळी धाकट्याच्या गोष्टी सांगत जा."

"तुम्ही नसताना कोणाला सांगू?"

अण्णा पिशवीची चेन लावत राहिले. मग सुनेला म्हणाले, कामाला जाताना गॅस खालून बंद करत जा. आता कशासाठी, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण निघालेल्या माणसाशी कुठे वाद घालायचा?

संध्याकाळी आश्रमातून फोन आला. अण्णा छान रमले होते. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांनी सगळ्यांची नावं पाठ केली होती आणि कोणाची कुठली गोळी राहिली, ते परिचारिकेला सांगत होते. जागा मानवली म्हणायची, असं मुलगा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याला थोडं हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

दिवे लागले. कोणी काही विचारलं नाही. सुनेने ताटं घेतली. आजपासून काकू तरी सुटल्या, असं तिच्या मनात आलं.

काकूंनी अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे. मग सुनेला जवळ बोलावलं.

"रोज मी अण्णांना खुणावायचे, मग ते विचारायचे," त्या संकोचून म्हणाल्या. "आज ते नाहीत, म्हणून मीच विचारते. हे अजून कसे आले नाहीत गं?"