दोघींत एक नाव

“एक तर तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही,” फादर मोरां म्हणाले, “नाहीतर तुम्हाला पुरून एकोणऐंशी वर्षं झाली आहेत.”

फ्लोरांज चर्चच्या पहिल्या बाकावर ताठ बसली होती. नदीवरचं वारं दारातून येत होतं आणि बर्फानं भिजलेला डावा बूट चावत होता. पुरलेल्या बाईला बूट चावत नसावा, एवढाच काय तो तिला आधार.

दोष सगळा पुतण्याचा. रोझेरनं घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आणि तीन हिवाळे चर्चच्या नोंदवह्या उपसल्या. गावात सगळ्या मुली मारी आणि सगळे मुलगे जोसेफ. त्यामागे धर्ममातेचं नाहीतर धर्मपित्याचं नाव, आणि हाक मारायचं नाव पार शेपटाला. त्या गर्दीतून त्यानं मारी-आडेल-फ्लोरांज शोधून काढली. फेब्रुवारी १८७४, बाप्तिस्मा. ऑक्टोबर १८७५, दफन. दुसरी फ्लोरांज कुठल्याच पानावर नव्हती.

“ती तुझी थोरली बहीण. ती गेली, तिचं नाव तुला दिलं, आत्या. तेव्हा सगळेच द्यायचे,” मागच्या बाकावरून रोझेर म्हणाला. “तू झालीस त्या जानेवारीत, रस्ते बंद. आजी म्हणाली असेल, या नावाचा बाप्तिस्मा झालेलाच आहे, पुन्हा फादरना कशाला त्रास? चांगली बाजू बघ ना. ऐंशीची होतीस, अठ्ठ्याहत्तरची झालीस.”

“गप्प बस, मेल्या.”

बाप्तिस्म्याच्या त्याच एका नोंदीवर तिचं लग्न लागलं होतं, आणि नवऱ्याच्या, तेलेस्फोरच्या थडग्याशेजारची जागाही तिनं राखली होती. बाप्तिस्मा न झालेल्यांना मात्र कुंपणाबाहेर पुरत, उताराला, जिथं क्रूस लावत नाहीत. काल रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून तो उतार हलला नव्हता.

फादरनी घसा साफ केला. “सोपा मार्ग आहे, गाद्बुआबाई. दफनाच्या नोंदीपुढे समासात मी एक ओळ लिहितो, की ही नोंद चुकून झाली. मग बाप्तिस्मा तुमचाच.”

“आणि तिथं खाली आहे ती कोण?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही कसं? दीड वर्षाची होती. चालत असेल.”

रोझेरनं छताकडे पाहिलं.

“मग दुसरा मार्ग,” फादर म्हणाले. “आत्ताच बाप्तिस्मा देतो. पाणी आहे, साक्षीला पुतण्या आहे. नाव मात्र दुसरं घ्या, म्हणजे वहीत घोळ नको. सेसिल घ्या. चांगलं नाव आहे.”

“तेलेस्फोर वर गेल्यापासून फ्लोरांजची वाट बघतोय. सेसिल म्हणून गेले तर दारातून परत पाठवील. परक्या बायकांना फार घाबरायचा.”

“मग फ्लोरांजच लिहितो. पण लवकर सांगा. चार वाजता मला अंत्यविधी आहे.”

फादर बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी गेले. फ्लोरांज उठून त्यांच्यासमोर उभी राहिली, टोपी काढली, मान वाकवली. केसांतून टाळूची गुलाबी रेघ दिसत होती.

“कोणतं नाव मागता?”

तिनं तोंड उघडलं. एवढी वर्षं जे नाव विचार न करता सांगितलं, ते जिभेवर येऊन थांबलं.

“एक मिनिट, फादर,” ती म्हणाली. “आधी ताईला विचारते.”

ती बाकाकडे परत गेली, बसली, आणि बाजूला सरकून जागा करून दिली. खूप नाही. दीड वर्षाच्या मुलीला पुरेल एवढी. मग त्या बाजूला कान लावला, आपला बरा कान.

रोझेर हसायला तोंड उघडून तसाच राहिला. फादरच्या ओंजळीतून पाणी ठिबकत होतं. बाक करकरला. फ्लोरांज हललेली नव्हती.

बऱ्याच वेळानं ती उठली.

“तूच ठेव म्हणते,” तिनं सांगितलं. “म्हणते, मला कुठं फारसं वापरायला मिळालं.”