क्रीमच्या बिस्किटांचा कारखाना

"समजा, मी मॅनेजर आहे," ब्रोडी म्हणाला.

लॉरेलने समजून घेतलं. खुर्ची थोडी मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली आणि हात मांडीवर ठेवले. बॅरिंगुल गावच्या वाचनालयात बालविभाग सोडून दुसरी खोली मोकळी नव्हती. त्यामुळे खुर्च्या लहान मुलांच्या होत्या आणि मॅनेजरसकट सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आले होते.

दर बुधवारी रोजगार केंद्रातर्फे ब्रोडी इथे मुलाखतीचा सराव घेतो. न येणाऱ्याचा बेकारभत्ता थांबतो, म्हणून हजेरी शंभर टक्के असते. आज शंभर टक्के म्हणजे दोघं. सत्तावन्न वर्षांची लॉरेल, आणि ट्रक चालवून पाठ कामातून गेलेला मर्व. मर्वचा सराव आधीच उरकला होता. "तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?" या प्रश्नाला त्याने "वय, एकसष्ट" असं उत्तर दिलं होतं.

"लॉरेल, तुम्ही इतके दिवस बेकार का आहात?" ब्रोडीने हातातल्या कागदावरून वाचलं. कागद मेलबर्नहून आला होता.

"कारखाना बंद पडला."

ब्रोडीने कागदावर बोट फिरवलं. "प्रयत्न कमी पडले, कौशल्य कमी पडलं, आत्मविश्वास कमी पडला. यातलं एक सांगा."

"कारखाना कमी पडला," मर्व मागून म्हणाला.

"ते यांच्या हातात नव्हतं ना. इथे फक्त आपल्या हातातलं लिहायचं."

लॉरेलने हातांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं त्यांनी डबाबंद होणाऱ्या पीचच्या फोडींमधून बियांचे तुकडे शोधले होते.

"आत्मविश्वास लिही," ती म्हणाली. "बाकीच्या दोन्हींचं मला वाईट वाटेल."

"सकाळी रेडिओवर एक साहेब सांगत होते," मर्व म्हणाला, "आपण सरकारच्या पैशावर सोफ्यावर लोळतो म्हणून."

"मर्व, मुलाखत चालू आहे."

"मी सोफा विकला. त्यांना कुणी कळवलं नाही वाटतं."

ब्रोडी चोवीस वर्षांचा होता आणि मुलगा वाईट नव्हता. त्याने पुढचा प्रश्न वाचला. "आमच्या कंपनीत तुम्हाला का यावंसं वाटतं?"

"कंपनी काय बनवते?"

हे कागदावर नव्हतं. आजवर कुणी विचारलंही नव्हतं. टेबलावर एक पुडा फोडलेला होता. ब्रोडीने त्याच्याकडे बघितलं. "बिस्किटं."

"साधी की क्रीमची?"

"क्रीमची."

"मग पहिली पाळी पहाटे पाचला लावत असाल. ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, दुपारच्या उन्हात क्रीम कुठलं टिकायला!"

"पाचलाच," ब्रोडी म्हणाला.

"लाइनवर किती जणी?"

"चाळीस."

"कँटीन?"

"आहे. चहा फुकट."

"आणि खिडक्या?"

ब्रोडीने विचार केला. "नदीच्या बाजूला."

मर्व खुर्चीसकट पुढे सरकला. "ट्रक कोण चालवतं?"

"मर्व, तुमची मुलाखत झाली."

"मग बिस्किटं काय चालत जातात दुकानात?"

लॉरेलचं लक्ष नव्हतं. ती सांगत होती. सरकत्या पट्ट्यावरचा माल डोळ्यांनी बघायचा नसतो, बोटांनी बघायचा. शेजारची बोलत असते, आपण तिला हं हं करत असतो, आणि बोटं आपली कामात असतात. नवी मुलगी आली की तिला आपल्या डाव्या हाताला घ्यायचं. ती रडली तर आपल्याला दिसलं नाही. सांगता सांगता लॉरेलचा आवाज चढत गेला, यंत्रांच्या वर ऐकू जायला लागतो तेवढा. वाचनालयाच्या बाईंनी दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

ब्रोडीने पेन खाली ठेवलं. कागदावर या ठिकाणी 'उमेदवाराला तीन सुधारणा सुचवा' असं छापलेलं होतं.

"लॉरेल," तो म्हणाला, "तुम्हाला आम्ही घेत..."

"नको." लॉरेलचा आवाज एकदम खाली आला. "बाळा, तसं म्हणू नकोस."

"अहो, सराव आहे फक्त."

"माहीत आहे मला. कारखाना बंद झाल्यावर वर्षभर मला पहाटे चारला जाग येत होती. उठायचे, डबा भरायचे आणि स्वयंपाकघरात बसून राहायचे. गेल्या महिन्यात कुठे ते थांबलंय. तू हो म्हणालास, तर सोमवारी मी उठेन."



"मग काय म्हणू?" ब्रोडीने विचारलं.

"नाही म्हण. पण नीट म्हण, मॅनेजरसारखं."

ब्रोडीने कॉलर सारखी केली. त्या खुर्चीत जितकं ताठ बसता येईल तितका ताठ बसला. "माफ करा. जागा भरली आहे."

लॉरेलने मान हलवली. थर्मास उचलला, रीतसर आभार मानले आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

"कुणाला मिळाली?"

ब्रोडीने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एका बाईला," तो म्हणाला. "दोन मुलं आहेत तिला. लहान आहेत."

"मग बरं झालं." लॉरेल दाराच्या मुठीवर हात ठेवून जराशी उभी राहिली. "तिला म्हणावं, पहिले आठ दिवस पाय सुजतात. मग नाही सुजत."