हंसराजाची जागा

“पुन्हा करपवलात?” रोपवाटिकेच्या मालकाने कपाळाला हात लावला.

बाईंनी पिशवीतून रोप काढून समोर ठेवलं. हंसराजाची नाजूक पानं वाळून चुरा झाली होती. काळे, तारेसारखे देठ तेवढे उरले होते.

“अहो ताई, हा नेचा आहे, निवडुंग नाही. ऊन लागलं ना?”

“लागतं थोडं.”

“थोडंसुद्धा नको! दाट झाडाखाली लावा, कुजलेला पाला घाला, माती ओली ठेवा. हे मी कितीदा सांगितलं?”

“दर वेळी.”

“मग? लेकरासारखं जपावं लागतं याला. लेकरं आहेत ना तुम्हाला?”

“एक मुलगी.”

“तिला उभी कराल का भर दुपारी अंगणात?”

“तिला ऊन सोसतच नाही,” बाई म्हणाल्या. “हे झाड तिच्याच आवडीचं.”

“मग तिच्याच हाती सोपवा. तुमचा हात काही धड नाही.”

“गिऱ्हाईक जोडताय की तोडताय?” आतून मालकाची बायको ओरडली.

बाई कुंड्यांपाशी वाकल्या. एकेक पान उलटून बघू लागल्या. पानांखाली तपकिरी ठिपके होते.

“कीड नाही ती,” मालक म्हणाला.

“ठाऊक आहे. बीजाणू आहेत ते.” त्यांनी एक कुंडी उचलली. “उन्हात तग धरेल असा नाही का एखादा?”

“असा हंसराज अजून जन्माला यायचाय. उन्हात सदाफुली लावा की.”

“नको. हाच हवा. आणि या वेळी जगायलाच हवा.”

त्यांचा आवाज ऐकून मालक जरा नरमला. “चला, जागा दाखवा. मीच लावून देतो.”

बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. मागच्या दारातून परसात पाऊल टाकलं आणि मालक थबकला. फणसाच्या गर्द सावलीत नेचेच नेचे होते. कमरेइतके उंच, हिरवेगार, झुलणारे. असे त्याच्याकडेही नव्हते. भिंतीलगतचा एक कोपरा तेवढा उकरलेला, उघडा.

“हे कुणी वाढवलं?”

“मीच.”

“थट्टा करता होय गरिबाची? इथं तर दगडालाही पालवी फुटेल! आणि हा कोपरा?”

“हंसराज होते. सगळे तिकडे नेले. एकही जगला नाही, म्हणून तुमच्याकडे येते.”

“तिकडे म्हणजे कुठे? एवढी सावली सोडून?”

बाईंनी झारी भरून घेतली.

“मुलीला पुरलंय तिथे. मोठं झाड लावू देत नाहीत. मी दिवसभर छत्री धरून बसते हो. पण सकाळी ते फाटक उघडतात, तोवर तिच्यावर ऊन आलेलं असतं.”