दोन थापा

लालबागच्या चाळीत चहा टाकला की संदेशची आई भिंतीवर दोन थापा मारायची. पलीकडून जाईमावशीची एक थाप आली, की समजायचं, ‘आले गं!’ पुढे चाळ पाडून टॉवर उभा राहिला. सोडतीत जाईमावशी दुसऱ्या विंगेत गेली आणि आईच्या भिंतीपलीकडे अनोळखी बिऱ्हाड आलं. पण आईच्या हाताची सवय काही सुटेना.

शेवटी पलीकडच्या घरातल्या मुलाने सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. पस्तिशीतल्या संदेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, ही चाळ नाहीय! पलीकडे कोण राहतं ते तरी माहितीय का तुला?”

“नाव नाय माहीत. पण एक थाप परत येता रे.”

हिला आता भास व्हायला लागले, असं म्हणत त्याने त्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत कपाट करून घेतलं. आई गणपतीला म्हणून गावी गेली, ती तिकडचीच झाली. कधी येतेस विचारलं की म्हणायची, “हयसरच बरा वाटता.”

परवा संदेश घरूनच काम करत होता. दुपारी चहाच्या वेळेला आईच्या खोलीत खुट्ट झालं, म्हणून तो उठून गेला. कपाट उघडून, लटकवलेले शर्ट बाजूला सारून त्याने कान लावला.

हलक्या हाताच्या दोन थापा. जरा वेळाने पुन्हा दोन.

पलीकडे कुणीतरी चहा टाकला होता.